हवेनं धरलेली पाटी

त्या काळी रिसोडात दोन प्रकारची माणसं होती. एकांच्या दारावर पाटी होती आणि दुसऱ्यांना ती लावायची होती. माझा नवरा या दोघांच्या जिवावर जगायचा. सागवानाच्या पातळ फळीवर तो अक्षरं कोरून द्यायचा. नाव एका ओळीत मावायचं, पण खाली पदांच्या तीन-तीन ओळी असायच्या. एखाद्याचं पद गेलं तरी ते पाटीवरून जात नसे. त्याच्या आधी ‘माजी’ लागायचं, म्हणजे कोरायला दोन अक्षरं आणखी. आमच्या घराला पाटी नव्हती. पोस्टमन आम्हाला ओळखत होता, तेवढं पुरे होतं.

कोरायला तो जमिनीवर, पोत्यावर बसायचा. फळी दोन्ही तळपायांच्या मधे घ्यायची, अंगठ्यांनी दाबायची, अक्षर वळेल तशी पायांनीच फिरवायची. मग पटाशीला एक हात आणि हातोडीला दुसरा. लग्नानंतर पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला चार हात आहेत आणि त्यातले दोन तो चालायला वापरतो.

मग रिठदहून येताना तो जीपच्या मागच्या पायरीवरून पडला. डावा घोटा मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण घोटा वाकायचा बंद झाला होता. “चालाल,” डॉक्टर म्हणाले, “पण खाली बसून काम करणं विसरा.” डॉक्टरांच्या दारावरची पाटी यानंच कोरलेली होती. त्यांनी फी घेतली नाही, हे सांगायला हवं.

त्यानं टेबलावर उभं राहून कोरून पाहिलं. फळी सरकायची. शिकंज्यात धरली तर पातळ फळी कमानीसारखी वाकायची आणि एक तर तडकलीच. वरून पकड लावली तर ती नेमकी अक्षरावर यायची. खिळे मारले तर भोकं राहायची, आणि ज्याला चेअरमन म्हणून लोकांसमोर यायचं आहे त्याला नावाशेजारी भोक चालत नाही. महिनाभर हा माणूस दुकानात बसून पटाश्यांना धार लावत राहिला. कशावर चालवायची नाही अशी धार.

भासरे, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, कारंज्याला एका जिनिंग फॅक्टरीत मुकादम होते. त्यांनी तिथे त्याच्यासाठी फाटकावरची जागा ठरवून ठेवली.

“खुर्ची भेटते,” भासरे म्हणाले. “बसून राह्यचं. येणारी गाडी लिहायची, जाणारी गाडी लिहायची. अजून काय पाह्यजे तुले?”

“विचार करतो भाऊ.”

“कापूस येऊन राह्यला आता. त्याच्या आधी सांग. मी येतो जीप घेऊन.”

भाऊ प्रेमानंच सांगत होते. पण ते गेल्यावर नवरा मला म्हणाला, “मी जर त्या फाटकावर बसलो ना, तर मंग उठत नाई पाहा.” तो रडक्या स्वभावाचा माणूस नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. दरवर्षी एकच जादू: पेला काठोकाठ पाण्यानं भरायचा, वर पोस्टकार्ड ठेवायचं, पेला उलटा करायचा. कार्ड पडत नाही. हवा त्याला खालून दाबून धरते. मुलं टाळ्या वाजवायची आणि परीक्षेत चुकीचं उत्तर लिहायची. त्या वर्षी कार्ड तसंच लटकलेलं असताना माझ्या मनात आलं, की याला कुठे शिकंजा आहे? कुठे खिळा आहे?

घरी येऊन मी सांगितलं. पुस्तकात एक गोष्ट होती, की दोन पोकळ अर्धगोल जोडून मधली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटले नाहीत. ते राजाला दाखवण्यासाठी केलं होतं. राजाला काहीही दाखवायचं तर घोडे लागतातच.

“मंग आपल्याले काय लागते?” नवऱ्यानं विचारलं.

“पंप. उलटा पंप.”

शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार चाचा मला भाभी म्हणायचा आणि नवऱ्याला मिस्त्री. मी हवा काढायचा पंप मागितला तेव्हा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

“भाभी, हवा भरून द्यायचे लोक मले पैसे देतात. काढायचं काम तर खिळाच फुकटात करते.”

पण त्याला गंमत वाटली. त्यानं एका जुन्या पंपाचा दांडा बाहेर काढला आणि टोकाची चामड्याची वाटी उलटी बसवली. खाली व्हॉल्व्हही उलटा लावला. आता दांडा वर ओढला की पंप फुंकायच्या ऐवजी ओढून घ्यायचा. त्याच्या नळीच्या तोंडाला मी तळहात लावला, त्यानं दांडा ओढला आणि कातडी आत खेचली गेली. चाचा म्हणाला, “या अल्ला, हा तर जळू आहे.”

नवऱ्यानं सागवानाचा जाड पाट घेतला. त्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या उथळ खाचा मारल्या आणि मधे एक भोक पाडून त्याला खालून रबरी नळी जोडली. लाकूड हवा पितं, म्हणून पाटाला लाखेच्या पॉलिशचे हात दिले, एकावर एक, आरसा होईपर्यंत. कडेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. तिच्यावर फळी ठेवली आणि खालून हवा ओढली, की वरची सगळी हवा फळीला दाबून धरणार. पाटीखाली काही दिसणार नाही आणि वर काही आडवं येणार नाही.

फक्त मधे एक टाकी हवी होती. नाहीतर मला सारखा पंप ओढत बसावं लागलं असतं. टाकीतली हवा आधी काढून ठेवली, की कुठून थोडी गळती झाली तरी टाकी ती पोटात घेते. टाकी म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकाच वेळी एकाच वस्तूकडे पाहिलं: गोडेतेलाचा डबा. आमच्याकडे गहू डब्यात, पापड डब्यात, माझी पुस्तकंसुद्धा डब्यात. डब्यात काहीच नसणं तेवढं बाकी होतं. त्यानं झाकण कथलानं झाळून बंद केलं, नळी जोडली आणि मी पंप ओढायला लागले. दांडा जड व्हायला लागला. मला फार आनंद झाला. मग धाडकन आवाज झाला आणि डबा चारी बाजूंनी आत गेला, जणू कोणी पोटात लाथ मारली.

चाचा धावत आला. मी ज्या गोष्टीची दरवर्षी परीक्षेत दोन गुणांची टीप विचारत होते, ती गोष्ट समोर चेपून पडली होती.

“मिस्त्री, डब्यानं तर साष्टांग नमस्कार घातला!”

“मास्तरीणबाईले घातला,” नवरा म्हणाला. आणि हसला. पाय मोडल्यानंतरचं ते पहिलं हसू होतं. मी डब्याचं दुःख मनात आणलं नाही.

मग चाचानं त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या ब्रेकची जाड पत्र्याची टाकी आणून दिली. ती चेपायला घोडे लागले असते. टाकाऊ फळीवर प्रयोग केला. फळी पाटावर ठेवली, टाकीची चावी उघडली, ‘सुप्’ असा आवाज आला आणि फळी बसली. नवऱ्यानं तिला धक्का दिला, ओढली, मग दोन्ही हातांनी कडेला धरून अख्खा पाट उचलला. पाट आला, फळी सुटली नाही. त्यानं पाट खाली ठेवला आणि बाहेर जाऊन विडी पेटवली.

खरं काम आलं ते खरेदी-विक्री संघातल्या एका पुढाऱ्याचं. पाच पदं, त्यातली तीन माजी. त्याला पाटी दोन दिवसांत हवी होती, कारण घरी कोणी मोठा माणूस चहाला येणार होता. भाऊंची जीपही त्याच दिवशी येणार होती. म्हणजे ही पाटी झाली तर नवरा राहणार, नाहीतर जाणार.

त्या सकाळी शाळेला सुटी होती. पाट आता कामाच्या बाकाला खिळ्यांनी पक्का केला होता. तो बाकासमोर उंच स्टुलावर बसला, डावा पाय सरळ पुढे टाकून. मी खाली पंपाशी. पहिली ओळ सुरेख उतरली. दुसऱ्या ओळीत पटाशी चालता चालता फळी हलली. त्यानं हातोडी थांबवली.

“सुटली.”

मी पंप ओढला. दांडा लगेच जड झाला, म्हणजे टाकी कुठून गळत नव्हती. वर फळी मात्र सैल. पट्टी तपासली, जोड तपासले, मेण लावलं. पुन्हा फळी धरली, पुन्हा चार अक्षरांनी सुटली. तिसऱ्या वेळी पटाशी घसरली आणि एका ‘माजी’च्या वेलांटीला ओरखडा गेला. खोल नव्हता. पण त्यानं पटाशी पुसली, कापडात गुंडाळली आणि बाजूला ठेवली.

“राहू दे. भाऊ आले की जातो मी.”

“आवो, थांबा ना जरा.”

“काय थांबू? हवेच्या भरोशावर कोनी धंदा करते काय?”

मी बाकाखाली वाकले. निदान तोंड लपेल म्हणून. तिथे मला त्याचा उजवा पाय दिसला. चप्पल सुटलेली होती. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधे त्यानं रबरी नळी घट्ट चिमटीत धरली होती, पार चपटी करून. टाकी ओढत होती, पण ओढ पाटापर्यंत पोहोचत नव्हती. वीस वर्षांची सवय. हातात पटाशी आली की पाय काहीतरी धरायला शोधायचा, आणि त्याला फळी मिळाली नाही तेव्हा त्यानं नळी धरली.

“पाय काढा!” मी ओरडले.

“कोनता?”

“चांगला! चांगला पाय काढा! तोच नळी दाबून राह्यला!”

त्यानं वाकून पाहिलं. मग तो पाय त्यानं स्टुलाच्या दांड्यावर ठेवला, आणि मी माझ्या जुन्या पदराच्या पट्टीनं तो दांड्याला बांधून टाकला. चोराला बांधतात तसा. वरून ‘सुप्’ आवाज आला.

त्यानंतर फळी हलली नाही. वेलांटी थोडी रुंद करून ओरखडा त्यातच सामावला. पुढाऱ्याच्या त्या माजी पदाला आता इतरांपेक्षा जास्त वजन आलं होतं, आणि पुढे त्याला तीच वेलांटी सगळ्यात आवडली.

भासरे दुपारी आले. मी डोक्यावर पदर घेतला आणि पंप ओढत राहिले, कारण टाकीला पाहुणा कळत नाही. नवरा चौथ्या ओळीत होता.

“हे काय? पाय कायले बांधला याचा?”

“तो कामात हात घालते,” नवरा मान वर न करता म्हणाला.

भाऊंनी फळीकडे पाहिलं. ना शिकंजा, ना खिळा. त्यांनी दोन्ही हातांनी फळी उचलून पाहिली. कापसाची गठडी हलवणारा माणूस, पण फळी ढिम्म.

“कोनं धरून ठेवली?”

“कोनीच नाई.”

भाऊंनी बाकाखालीही वाकून पाहिलं. मग उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

“मंग फाटकावर मी दुसरा कोनी पाहू?”

“पाहा भाऊ.”

“अन् चहा तरी देशीन का नाई?”

मी चहा ठेवायला उठले. स्टोव्ह पेटवताना मला रडू आलं आणि रॉकेलच्या धुरानं ते झाकून घेतलं. बाहेर भाऊ फळी कशी सोडवतात ते विचारत होते. नवऱ्यानं चावी उलटी फिरवली, हवा आत गेली आणि पाटी अलगद हातात आली. त्यानं अक्षरांतला भुसा फुंकला, पाटी भिंतीला टेकवली आणि बांधलेल्या पायानं जमेल तेवढा मागे झुकून तिच्याकडे पाहिलं.

“तिसऱ्या ओळीतला ‘क्ष’ बिघडला,” तो म्हणाला. “पोट मोठं झालं त्याचं.”

“मालकासारखं झालं,” भाऊ म्हणाले, आणि बशीत चहा ओतून घेतला.