एक्केचाळीस दिवसांचा उशीर

अर्ज मी दोनदा चाळला. मागची पानंही उलटून पाहिली. मेडिकल सर्टिफिकेट नव्हतंच.

नवल याचं, की अर्ज करणाऱ्या शालनताई स्वतः नर्स होत्या. सासर वडगाव निंबाळकरचं, माहेर लासुर्ण्याचं. वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत हिस्सा मागणारा त्यांचा दावा इंदापूर कोर्टानं फेटाळला होता. बाग भावाकडे, उत्तमरावांकडे राहिली. मी उत्तमरावांचा वकील.

अशा निकालावर बारामतीला जिल्हा न्यायाधीशांकडे तीस दिवसांत अपील करावं लागतं. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. तरीही उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज द्यायचा आणि सबळ कारण दाखवायचं. अर्ज फेटाळला, तर अपील ऐकलंच जात नाही. शालनताईंना एक्केचाळीस दिवस उशीर झाला होता.

नव्वदीच्या त्या वर्षांत बारामतीला असे अर्ज सतत यायचे. बहुतेकांना काविळीचं नाहीतर कंबरदुखीचं सर्टिफिकेट टाचलेलं असायचं. शालनताईंचं कारण मात्र एका ओळीचं होतं: ‘बागेतला माल निघाला की बसून मिटवू, असं भाऊ म्हणाला, म्हणून थांबले.’

त्यांच्या वकिलांना मी व्हरांड्यात गाठलं. "सर्टिफिकेट का नाही लावलं?"

ते वैतागलेलेच होते. "सांगून थकलो. बाई म्हणतात, मी आजारी नव्हते. एक दिवस रजा नाही, हजेरीपट आणून दाखवू का?"

अर्जाला उत्तर म्हणून मी आमचं म्हणणं टाइप करून घेतलं. मजकूर नेहमीचाच. कारण खोटं आहे, अशी बोलणी कधी झालीच नाहीत, उशिराच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा दिलेला नाही. उत्तमरावांनी न वाचता सही केली. मीही काही विचारलं नाही.

सुनावणीला मी जोरात बोललो. न्यायाधीश मात्र त्या एका ओळीवर अडले होते.

"भाऊ हजर आहे का?"

उत्तमराव टोपी काढून पुढे आले.

"बहिणीला थांबायला सांगितलं होतं?"

मी मध्ये बोलायला गेलो, तर न्यायाधीशांनी थांबवलं. "त्यांना बोलू द्या, वकीलसाहेब."

उत्तमरावांनी बहिणीकडं पाहिलं. ती सरळ समोर बघत उभी होती.

"व्हय साहेब. मीच म्हनलो हुतो."

"मग मिटवलं का नाही?"

"माल गेला आन् मन फिरलं."

"इथं तर लिहिलंय, बोलणी झालीच नाहीत. सही तुमचीच ना?"

"सही माझी हाय. लिव्हलंय वकीलसाहेबांनी."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. विलंब माफ झाला.

बाहेर आल्यावर मी रागानंच विचारलं, "नुसतं नाही म्हणाला असतात, तर प्रकरण आज संपलं असतं. का बोललात?"

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "शालननं आजारपणाचा कागद लावला असता, तर मी बी रेटून न्हाय म्हनलो असतो. पन तिनं खरं तेच लिव्हलं. तिच्या तोंडावर न्हाय कसं म्हनू?"

पुढे अपील रीतसर चाललं. शालनताईंना बागेत हिस्सा मिळाला. उत्तमरावांनी वरच्या कोर्टात जायचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून म्हणणं टाइप करायला देण्याआधी मी अशिलाला एकच विचारतो, "समोरच्यानं लिहिलंय, ते खरं आहे का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसं थोडं थोडं."