टाइमआउटला ती कुठे बघायची

मॅच बघताना आवाज बंद ठेवायचा, ही सवय मला पुण्यातल्या सिमेंटच्या कोर्टवर लागली. आमचे सर आम्हा मुलींना दुसऱ्या संघांच्या मॅचेस कानात कापूस घालून बघायला लावत. लोक ओरडायला लागले की साधा खेळही भारी वाटतो, असं त्यांचं म्हणणं. सरांचं बाकीचं बरंचसं म्हणणं मी लग्नानंतर विसरले, हे तेवढं राहिलं. न्यूझीलंडला आल्यावरही टीव्हीवर बास्केटबॉल लागला की माझा हात आधी रिमोटकडे जायचा. "अगं, निदान कॉमेंट्री तरी ऐकू दे," नवरा म्हणायचा. मी देत नसे. खेळातलं मला कळतं आणि त्याला कळत नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. ठरवलं अर्थात मीच होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही लोअर हट या गावात राहायचो. नवरा इंजिनियर, सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जायचा. मुलगी शाळेत. मी आठवड्यातले तीन दिवस एका शाळेच्या लायब्ररीत आणि शनिवारी जिममध्ये, स्कोअररच्या टेबलावर. स्कोअरशीटशिवाय माझी स्वतःची एक वही असायची. कुठल्या मुलीचे पाय कुठे पडतात, ती चेंडू नसताना कुठे सरकते, त्याचे बाण मी तिच्यात काढत बसायचे. कोणी सांगितलं नव्हतं, आपली हौस. एका शनिवारी अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजची कोच मुली बघायला आली होती. ती बराच वेळ माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत राहिली आणि मग म्हणाली, "हे मला लिहून पाठवाल का?"

काम असं होतं. कॉलेजने निवडलेल्या मुली ऑगस्टमध्ये तिकडे जायच्या. त्याआधी त्यातली एखादी देशाच्या ज्युनियर संघातून परदेशी स्पर्धा खेळून यायची. मोठ्या स्पर्धेत कोणी फुलतं, कोणी दबून जातं. आपण निवडली होती तीच मुलगी परत आली आहे का, हे त्या कोचला जाणून घ्यायचं असायचं. स्पर्धेच्या कॅसेट्स माझ्याकडे यायच्या. मी त्या बघायच्या आणि दोन पानं लिहून ईमेल करायची.

जुलैमध्ये हटमधल्या दुपारी फार शांत असतात. नदीवरचं धुकं जेवणाच्या वेळेपर्यंत हलायचं नाही. हीटरजवळ खुर्ची ओढून, पायांवर शाल घेऊन मी बसायचे. समोर दहा मुली आवाज न करता धावत असायच्या. चेंडू आपटायचा नाही, बूट करकरायचे नाहीत, पंचाचे नुसते गाल फुगायचे. मध्येच माझा डोळा लागायचा, आणि उघडला की त्या अजून धावतच असायच्या. मग आपण कुठल्या देशात बसलोय, बाहेरची ही थंडी जुलैत कशी, हे काही क्षण आठवायला लागायचं. कधी वाटे, पडद्यावर पळतायत त्या माझ्याच मैत्रिणी आहेत, संध्याकाळ झालीय, आता सगळ्या मिळून भेळ खायला जायचंय. त्या गुंगीतून मला लवकर बाहेर यावंसं वाटायचं नाही. मला ते काम आवडतं असं मी सगळ्यांना सांगायचे. त्यात बास्केटबॉल किती आणि ही गुंगी किती, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

त्या वर्षीची मुलगी नऊ नंबरची होती. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या घराण्यातली, अठरा वर्षांची, आजीकडे वाढलेली. आजीला ती नॅन म्हणायची आणि मला आन्टी. चौदाव्या वर्षापासून मी तिला टेबलामागून बघत आले होते. पाय इतके हलके, की माझ्या वहीत तिचे बाण काढायला मला पेन्सिल घ्यावी लागायची, पेनने ते जाड वाटत.

स्पर्धेत ती छान खेळली होती. पण एक गोष्ट मला खटकली. टाइमआउटला सगळ्या मुली कोचभोवती गोळा झाल्या की ही मान डावीकडे वळवून वर बघत राहायची. कोच समोर बोलतोय, बाकीच्या त्याच्या तोंडाकडे बघतायत, आणि हिचं तोंड रिकाम्या खुर्च्यांच्या दिशेने. दर वेळी तेच. तिसऱ्या कॅसेटपर्यंत माझी खात्री झाली. ही पोरगी तिथे कोणाला तरी शोधते आहे. नॅन बरोबर आली असती तर तिथे बसली असती, असं तिच्या मनात येतंय. मला अगदी भरून आलं. मी लिहिलं की खेळ उत्तम आहे, पण हिला घराची ओढ फार आहे, पहिला हिवाळा हिला एकटीने काढता येईल असं वाटत नाही. लिहून मी स्वतःवर खूश झाले आणि आल्याचा चहा केला. पाय तर कोणालाही दिसतात, मन बघायला नजर लागते, असं काहीतरी मला वाटत होतं.

दोन दिवसांनी कोचचं उत्तर आलं. आदल्या वर्षी त्यांची एक मुलगी नाताळला घरी गेली ती परत आलीच नव्हती. पुन्हा तसं नको. हिला एक वर्ष थांबवावं आणि यंदाची जागा दुसरीला द्यावी, असं तिच्या मनात होतं. तुमचं मत शुक्रवारपर्यंत कळवा.

एक वर्ष थांबलेल्या मुलीचं काय होतं हे मी शनिवारच्या टेबलावरून पुष्कळ पाहिलं होतं. ती थांबूनच राहते. नोकरी लागते, घरात कोणी आजारी पडतं, बूट लहान बहिणीला जातात. हे माहीत असूनही मला वाटलं, थांबू दे. परक्या बर्फात कुढत बसण्यापेक्षा बरं. माझ्या या चांगुलपणाचा मला अजून राग येतो.

बुधवारी माझ्या मुलीला खोकला होता म्हणून ती घरी राहिली. शालीत माझ्या शेजारी येऊन बसली. मी शेवटची कॅसेट लावली होती.

"आई, धिस इज सो बोरिंग. आवाज कुठेय?"

"आवाज नको."

"व्हाय?"

याचं उत्तर माझ्याकडे 'आमचे सर म्हणायचे' एवढंच होतं, आणि ते आठ वर्षांच्या मुलीला पुरेना. तिने रिमोट घेतला आणि बटण दाबलं.

खोली एकदम भरून गेली. बूट, शिट्टी, ढोल, कोणाचं तरी हसणं. मी तिला रागावणार, तेवढ्यात पडद्यावर टाइमआउट झाला. कोच हळू आवाजात बोलत होता. नऊ नंबर नेहमीसारखी वर खुर्च्यांकडे बघत होती. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला, नेमक्या जागी, मान हलवत होती. खेळ सुरू झाल्यावर त्याने सांगितलं तेच तिने केलं. लक्ष नसलेलं माणूस असं करत नाही.

मी कॅसेट मागे घेतली. समोरच्या संघातली मुलगी वाटेत भिंतीसारखी उभी राहिली की आपल्या संघातल्या मुली ओरडून सांगतात. उजवीकडून हाक आली की नऊ नंबर ती पुरी व्हायच्या आत वळसा घालायची. डावीकडून कितीही ओरडलं तरी सरळ जाऊन त्या मुलीवर आपटायची. मी बसल्या बसल्या तिच्यासारखी मान डावीकडे वळवली. माझा उजवा कान टीव्हीसमोर आला.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?" मुलगी म्हणाली. मी कॅसेट पुन्हा मागे घेतली.

गुरुवारी दुपारी मी जिममध्ये गेले. ती एकटीच प्रॅक्टिस करत होती. चेंडू पोटाशी धरून ती दम खात असताना मी तिच्या डाव्या बाजूला मागे उभी राहिले आणि तिला नावाने हाक मारली. ती हलली नाही. असं कोणाला पकडणं बरं नव्हे, पण मी ते केलं. मग उजवीकडे जाऊन इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला, "किआ ओरा." ती दचकली. मी कुठून आले, ते तिने पाहिलं, आणि मी काय तपासत होते ते तिला समजलं.

आम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. मी तिच्या उजवीकडे. लहानपणी कान सतत वाहायचा, ती म्हणाली. दोनदा ऑपरेशन झालं. डावा गेला तो गेलाच. नॅनशिवाय कोणाला माहीत नाही. सगळीकडे ती आधी जाऊन बरोबर जागा पकडते, ओठ बघते, काम भागतं.

"तिथे डॉक्टर तपासतीलच की गं तुला."

"तोपर्यंत मी तिथे पोचलेली असेन."

मग मी काय लिहिलं होतं ते तिला सांगितलं. जागा जाऊ शकते, हेही. मला वाटलं ती रडेल. ती आधी हसली.

"होमसिक? मी? आन्टी, आमच्या घरात नऊ माणसं आहेत. तिकडे मला खोली मिळणारे. दार असलेली." मग म्हणाली, "घरी मी उजव्या कुशीवर झोपते. चांगला कान उशीत. सगळे एकदम गप्प होतात. हेप्स शांत." हेप्स म्हणजे इथल्या पोरांचं 'खूप'. तिने डोळे मिटून दाखवले. वरच्या काचेतून फिकट ऊन कोर्टवर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. ते ऊन सरकून तिच्या बुटांपर्यंत आलं तेव्हा तिने विचारलं, "पण तुम्हाला असं का वाटलं?"

"तू सारखी वर बघत होतीस."

"वर काय होतं?"

"काही नाही. रिकाम्या खुर्च्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ वाचणाऱ्या माणसाची नजर चुकवता येत नाही. "मग त्यात तुम्हाला काय दिसलं?"

मी म्हटलं, उशीर होतोय, मुलीला आणायचंय. खरं तर मुलगी शाळेत गेलीच नव्हती, शेजारणीकडे होती. उठताना मी तिला सांगितलं की कानाचं मी कोणालाही सांगणार नाही. पण मी चुकले असं कळवलं तर कोच विचारेल, कशावरून? तेव्हा खोटं लिहायला मला जमणार नाही. उद्या सकाळी आठला मी फोन लावणार आहे. यायचं तर ये.

चेंडू उचलून ती परत कोर्टवर गेली.

शुक्रवारी लॉनवर पांढरं दव गोठलं होतं. आठ वाजून गेले. मी फोनकार्डचा लांबलचक नंबर दोनदा दाबला आणि दोनदा ठेवून दिला. साडेआठला ती आली, त्या थंडीत जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला घालून, पायांची बोटं लाल झालेली. तिकडे अजून गुरुवार दुपार होती. मी नंबर लावला, कोचला म्हटलं, हिला तुमच्याशी बोलायचंय, आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिने तो उजव्या कानाला लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. ती ओट्याची कड धरून उभी होती.

"डावा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "हो." मग पुन्हा, "हो." मग रिसीव्हर माझ्यापुढे धरून ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर फतकल मारून बसली.

"काय म्हणाली?"

"विचारलं, कुठला कान. म्हणाली, मग बेंचवर मी तुझ्या उजवीकडे बसेन." आणि इतकी वर्षं लपवलेलं रडू तिला आलं.

फोनवर कोच मला हाका मारत होती. हे तुम्हाला कसं कळलं, ते नंतर सांगा, ती म्हणाली. "पण ते घराच्या ओढीचं? त्याचं काय करू?"

"ते काढून टाका," मी म्हटलं. "ते तिचं नाही. माझं आहे."

हे मी ठरवून बोलले नव्हते. कोच मऊ आवाजात म्हणाली, ठीक आहे, ऑगस्टमध्ये पाठवा तिला. मी फोन ठेवला. खाली बसलेल्या मुलीने ते ऐकलं होतं. उठून तिने किटली लावली.

संध्याकाळच्या ट्रेनने नवरा आला. मी त्याला दारातच सांगितलं, फोनचं, नऊ नंबर जाणार आहे ते. तो खूश झाला. मग मी दुसरंही सांगितलं. मला इथे आठवण येते. सहा वर्षं झाली तरी येते. दुपारी त्या कॅसेट लावून मी पुण्यात जाऊन बसते. सकाळी इंग्रजीत हे दोन वाक्यांत झालं होतं, मराठीत मला मध्ये थांबावं लागलं.

त्याने एक बूट काढला होता. दुसरा तसाच ठेवून तो पायरीवर बसला.

"मलाही," तो म्हणाला.