चुंबकाच्या गळ्यातली माळ

त्या चुंबकापाशी जाताना आम्ही सगळं उतरवून ठेवायचो. घड्याळ, मोबाईल, केसातल्या पिना. दाराबाहेरच्या टेबलावर आमचा सगळा संसार मांडलेला, आणि आत आम्ही हलक्या, जरा परक्या. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतली ती खोली आठवली की अजून पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं.

अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या एका यंत्रासाठी आम्ही ते चुंबक घडवत होतो. यंत्र दूर कुठंतरी उभं राहणार होतं. लोखंडाचे दोन जाड ओठ, मध्ये तळहाताएवढी फट, भोवती तांब्याची कॉईल. कणांची धार त्या फटीतून जाणार आणि अलगद वळणार. कुणाला दिसणार नाही. मला त्या न दिसणाऱ्या वळणाचं भारी वेड होतं. गडमुडशिंगीच्या घरून येताना रस्ता वळला की मी मनातल्या मनात कण व्हायचे.

कॉईल गुंडाळली होती माझ्या मावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, आणि तिच्या जोडीच्या बायकांनी. वाइंडिंगचं सगळं काम हातानं, वेढ्याला वेढा चिकटवत. सगळ्या कंत्राटी. मी चाचणीच्या टेबलावर कामाला, आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी पत्रकं वाटायचे: विज्ञानाला बायकांचे हात चालतात, मग हजेरीपटाला त्यांची नावं का चालत नाहीत? आजही एक शब्द मागं घेणार नाही.

दसरा झाला आणि चाचणी सुरू झाली. बोटाएवढा सेन्सर फटीतून सावकाश सरकायचा आणि चुंबकाचं बळ पडद्यावर रेघ होऊन उमटायचं. रेघ सपाट हवी. ती सपाट चालली, चालली, आणि एका ठिकाणी तिला उंचवटा आला. सेन्सर पुन्हा फिरवला. उंचवटा तिथंच.

सुपरवायझर म्हणाले, "कॉईल बिघडली. बायकांच्या हातचं काम, दुसरं काय! आता ह्यो विषय बंद. पुढची वाइंडिंग बाहेरनं, मशीनवर."

मावशी दारात उभी होती. तिचा चेहरा तांब्यावरचं तेज उतरावं तसा उतरला. पुढची वाइंडिंग बाहेर म्हणजे या बायका घरी.

माझं डोकंच फिरलं. "कॉईल झोपवून बघा की आधी!"

"या पुढारीणबाई! पत्रक काढा आता ह्याच्यावर."

"काढीन की! करंट बंद करा आणि सेन्सर फिरवा. करंट न्हाय म्हंजे कॉईलला आवाज न्हाय. तरी उंचवटा आला तर दोष तिचा कसा?"

आमची इंजिनिअर, मोजमाप तिच्याकडं, नुसती हसली आणि बटण दाबलं. कॉईल थंड ठेवणारे पंप थांबले. खोली अशी शांत झाली की सेन्सरचं सरकणंही ऐकू यायला लागलं. करंट गेला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतंच, जाग आल्यावर स्वप्न उरावं तसं. तेवढ्यावर रेघ उमटत गेली, अगदी तळाशी. आणि त्याच जागी, इवलासा, तोच उंचवटा.

तिनं फटीत टॉर्च मारला, प्लास्टिकचा चिमटा घातला. लोखंडाच्या कडेला, कॉईलखाली दडून बसलेला लोखंडी तारेचा तुकडा निघाला. त्याला झेंडूची वाळकी पाकळी.

खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा झाली होती. लेथला हार, क्रेनला हार. चुंबकाला हार घातला तो मावशीनं, फटीतून ओवून, पक्का बसावा म्हणून बाइंडिंगच्या तारेनं. हार उतरवताना तारेचा तुकडा आतच राहिला होता.

"म्हंजे चूक तुमचीच की, बाई!" सुपरवायझरांना जोर चढला.

मावशी पुढं आली. तुकडा हातात घेऊन उलटापालटा बघितला. "व्हय. माळ माझी. आणि कॉईलपण माझीच. माळंचा दोष माळंला लावा, सायेब, कॉईलला न्हाय."

इंजिनिअरनं करंट पुन्हा सोडला. पंपांची गुणगुण हळूहळू वर चढली, सेन्सर निघाला. मावशी पडद्याकडं बघत होती, ओठ आवळून. रेघ त्या जागेपाशी आली आणि तशीच पुढं गेली, पंचगंगेच्या संथ पाण्यासारखी.

"पुढच्या कॉईलचं तांबं कुणी उतरवून घ्यायचं?" मावशीनं विचारलं.

"तुम्हीच घ्या की," सुपरवायझर पडद्याकडं बघतच म्हणाले.

हजेरीपटात नावं अजून लागली न्हाईत. पत्रकं चालू हायेत. पण त्या दुपारी मावशी टेबलावरच्या पिना केसात खोवत वाइंडिंगकडं निघाली, आणि पुढच्या वर्षी माळ दोऱ्यानंच बांधायची, असं सगळ्या बायकांना मोठ्यानं बजावत गेली. पुढच्या वर्षी, म्हणाली ती.