पाच इंचावरचा ठिपका

एका खोलीत अकरा वर्षं नोकरी केली की किस्से आठवावे लागत न्हाईत. एक सांगायला घ्यावा तर दुसरे चार मध्येच येऊन बसतात. आमची खोली म्हणजे परभणीच्या एका सरकारी हायस्कुलाची प्रयोगशाळा. राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूत, आणि मी पोखर्णीचा, तिथला शिपाई. काचा पुसणं, बाटल्या लावणं माझं काम. पोरं मला मामा म्हणायची. अकलेचा मक्ता मात्र आमच्या सायन्स मास्तरांकडं होता, आणि तो त्यांनी कधी कुणाला वापरू दिला न्हाई. स्वतःसुद्धा वापरला न्हाई!

*

विजेचा एक प्रयोग होता. सोपा हाय, ऐका. रेशमाच्या दोऱ्याला एक हलकी गोळी टांगायची आणि तिला वीज द्यायची. तशीच दुसरी गोळी काचेच्या दांडीवर बसवून तिच्याजवळ न्यायची. टांगलेली गोळी लांब सरकते. किती इंचावर किती सरकली ते मोजायचं आणि त्याचा ग्राफ काढायचा. अंतर दुप्पट केलं की ढकलायचा जोर निम्मा न्हाई, पाव राहतो. म्हणून रेघ झपकन खाली येते आणि मग लोळत जाते.

आमच्या गोळ्यांचा पेटीतच चुरा झालेला. मी कडब्यातलं ज्वारीचं एक ताट सोललं, आतलं पांढरं भेंड काढलं आणि दोन गोळ्या तासून दिल्या. मास्तर भडकले. "हे सायन्स हाय का बैलाची वैरण? हैदराबादहून सरकारी गोळ्या येईस्तोवर प्रयोग बंद!"

दोन वर्षं बंद. मग पार्सल आलं. उघडून बघतो तर आत ज्वारीचंच भेंड, फक्त डबीवर शिक्का! मास्तरांनी एक गोळी चिमटीत धरून मला दाखवली. "बग! ह्याला म्हणतात माल!"

*

एकदा भर श्रावणात हेडमास्तर प्रयोग बघायला आले. ओल्या हवेत काचेवर वीज ठरत न्हाई, हे मला शिपायाला ठाऊक. मास्तर आपले दांडी घासायलेत, घासायलेत. शेरवानीला घाम फुटला, गोळी काय हलंना.

हेडमास्तरांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणले, "मास्टर, शहर में अभी बिजली आई नहीं, इस डंडी में कहाँ से आएगी?" आणि शेऱ्याच्या वहीत तसं लिहून सही ठोकली!

*

आता मुद्द्याचं. एका वकिलाच्या पोरानं एका वर्षी लय सुबक ग्राफ काढला. मास्तरांनी तो नमुना म्हणून टेबलावर ठेवला. त्यावर माशी बसली. मी फूटपट्टीनं हाणली. माशी बरोबर पाच इंचाच्या खुणेवर चिकटली, रेघेच्या चांगली वर. मी पुसायला गेलो तर मास्तर ओरडले, "हात लावू नको! खराब करशील!" माशी वाळली. काळा, गोल ठिपका झाला आणि ग्राफ भिंतीवर गेला.

पुढच्या वर्षीपासून पोरं तो ग्राफ उतरवून खिडकीच्या काचेवर धरायची आणि वरनं गिरवायची. आधी ग्राफ, मग त्यावरून वाचून वहीत आकडे! सगळ्यांची रेघ खाली यायची, पाच इंचावर टुणकन उडी मारायची आणि परत खाली यायची. मास्तरांनी एकाचीही गोळी मोजून बघितली न्हाई.

मी एकदा सांगितलं, "मास्तर, ती माशी हाय. मीच मारली."

"तू शिपाई हायेस का सायन्स मास्तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात समजावून सांगितलं की पाच इंचावर वीज जरा जोर धरते, हा तिचा स्वभावच हाय. पोरांनी वहीत लिहून घेतलं!

*

मन्मथ ताडकळसचा. दोनदा मॅट्रिक नापास, तिसरी खेप शेवटची. पास झाला तर पूर्णेच्या रेल्वेत जागा ठरलेली, न्हाई तर नांगर. ह्या एकट्यानं प्रयोग खरोखर केला. थंडीत, कोरड्या हवेत. नऊ वेळा.

"मामा, पाच इंचावर उडी न्हाईच येत. माझं चुकायलंय का?"

मी माशीचं सांगितलं. पोरगं पोट धरून हसलं. मग मास्तरांनी दम भरला की ठिपका न्हाई तर पास न्हाई. मीही म्हणलो, "घाल की बाबा एक ठिपका. तुझं काय जातंय?" आता लाज वाटते, पण म्हणलो खरं.

"आला न्हाई तो कसा घालू, मामा?"

परीक्षेला हैदराबादचे साहेब आले. चष्मा, अत्तर, सगळं व्यवस्थित. तीस वह्यांत उडी, एकतिसावीत न्हाई. "सब कू आया, तुमकू कैसा नै आया?"

"करून दाखवू, साहेब?"

दाखवलं. पाच इंचावर गोळी सरकायची तेवढीच सरकली, एक केसभर जास्त न्हाई. साहेबांनी स्वतः पट्टी धरून मोजलं. मग मास्तरांना म्हणले, तुमचा नमुना आणा. मास्तरांनी भिंतीवरचा ग्राफ दोन्ही हातांनी आणला. साहेबांनी ठिपका चष्म्याजवळ धरला आणि नखानं खरवडला. नखाला पंख आला.

मन्मथ माझ्याकडं बघून हसला. मला वाटलं, सुटलं पोरगं!

साहेबांनी पंख झटकला आणि हात धुवायला पाणी मागितलं. मी घातलं. तेवढ्यात मास्तरांनी पुसट झालेला ठिपका शाईनं परत गोल भरून घेतला. साहेबांनी तेही बघितलं. तीस पोरं नापास केली तर तीस बाप भांडायला, वर एक चौकशी. रुमालाला हात पुसले, खुर्चीत बसले आणि भराभर तीस वह्यांवर लिहिलं, "पास".

एकतिसाव्या वहीवर लिहिलं, "नापास. एक निरीक्षण कमी."