गच्चीवरची कुमुदं

उत्तरा केळशीकर चारकोपच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीच्या गच्चीवर टबांमध्ये कुमुदं लावली. लक्ष्मीपूजनाला कुणी ‘कमळ’ मागायला आलं की आधी धडा व्हायचा. “हे कमळ नव्हे. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं. कुमुदाचं पाण्यावर पसरतं, आणि देठापाशी चिरलेलं असतं.” मगच फूल हातात पडायचं.

कंद दिले होते इमारतीमागच्या गावठाणातल्या ॲम्ब्रोजने. त्याच्या घरामागचं तळं भराव टाकून बुजवायला घेतलं, तेव्हा चिखलात उतरून त्याने ते वाचवले होते. संध्याकाळी उमलणारी ही पांढरी फुलं त्याची आई सप्टेंबरात मारियामातेच्या सणाला वाहायची. आता सणाची फुलं उत्तराबाईंच्या गच्चीवरून जायची.

गेल्या ऑगस्टमध्ये ॲम्ब्रोजची बायको कॉन्सेप्टा गेटपाशी भेटली. “टीचर, मच्छर खूप झालेत. तुमचे टब एकदा बघा ना.”

सोसायटीचा सेक्रेटरी सर्वेश आणि आणखी काही जण तिथेच उभे होते. उत्तराबाईंना ते झोंबलं. “माझ्या टबांत गप्पी मासे आहेत. अळ्या खातात ते. तू आधी तुझी विहीर बघ. पाणी उघडं ठेवायची सवय तुम्हा गावठाणवाल्यांचीच!”

दोघं-तिघं हसले. “विहिरीवर जाळी आहे, टीचर,” एवढं बोलून कॉन्सेप्टा निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात ॲम्ब्रोजला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स भराभर उतरल्या, हॉस्पिटलात हलवलं. कळल्यावर उत्तराबाई गच्चीवर गेल्या, खरं तर स्वतःची खात्री पटवायला. एकेक पान उचलून पाहिलं. मासे होते. शेवटचा टब नवा होता. जुलैत एक कंद वेगळा करून त्यात लावला होता, आणि मासे उद्या सोडू म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं. त्यांनी पान उचललं. खाली अळ्या वळवळत होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी हेच चित्र फळ्यावर काढलं होतं.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मासे बादलीत काढले आणि सगळे टब उलटे केले. चिखल, कंद, पानं गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत दिली. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं डासांची पाहणी करायला आली. गच्ची कोरडी होती. “बघा, बाई किती काळजी घेतात,” सर्वेश म्हणाला. उत्तराबाई हसल्या, आणि त्या हसण्याची त्यांना शिसारी आली. माणसं कॉन्सेप्टाच्या विहिरीत औषध टाकून गेली. मग दोष विहिरीचाच, असं सगळे धरून चालले.

उत्तराबाईंना अन्न जाईना. हॉस्पिटलात जाऊन त्यांनी कॉन्सेप्टाला सगळं सांगितलं.

कॉन्सेप्टा म्हणाली, “मच्छरवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, टीचर. तो तुमच्याकडचाच, हे कोण सांगणार? पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात. ते सगळ्यांसमोर परत घ्या.”

उत्तराबाईंनी घेतलं. त्याच गेटपाशी, त्याच माणसांसमोर. सर्वेश मोबाइलकडे बघत राहिला.

ॲम्ब्रोज बरा होऊन घरी आला, पार सुकलेला. उत्तराबाई भेटायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, “फुलं आली असतील ना? सण जवळ आला.”

“मी सगळं टाकून दिलं, ॲम्ब्रोज.”

“सगळं? एकही कंद नाही?”

“नाही.”

“खराब तर एकच टब होता ना, टीचर. बाकीच्यांनी काय केलं होतं?”

तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. भीतीने आपण त्याच्या तळ्याचं उरलंसुरलंही संपवलं, हे उत्तराबाईंच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. त्यांना मान वर करता येईना.

त्या वर्षी कॉन्सेप्टाने सणाला बाजारातला निशिगंध नेला.

ॲम्ब्रोज हल्ली संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. दिसल्या की हाक मारतो, “टीचर, बसा ना जरा.” उत्तराबाई थांबतात, तब्येत विचारतात. बसत मात्र नाहीत.