डाव्या चाकामागची पिवळी रेघ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मामांना सांगायचं राहून गेलं, असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. राहून नाही गेलं, मी ठेवलं. दाबून ठेवलं. आता तुम्ही समोर बसलात असं धरून लिहितोय. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणूनच कदाचित जमेल. जमेल ना? बघू.

आधी रेघेचं सांगतो. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

शहाडला मामांचं गॅरेज होतं. मामा म्हणजे सख्खे नव्हेत. मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि कुणाच्या तरी ओळखीने कोपर गावात एका प्लंबरच्या हाताखाली पाइप आवळायला लागलेलो. तिथलं काम संपलं तेव्हा या मुलखात मला विचारणारं कुणी नव्हतं. मामांनी ठेवून घेतलं. गॅरेजच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, हातात पाना दिला, आणि मामींच्या डब्यात माझ्या भाकऱ्या कधी मोजलेल्या नसायच्या. हे मी आजही विसरलेलो नाही. पण तेव्हापासूनच पोटात एक भीती बसलेली — एक चूक झाली की हे सगळं जाईल. रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं, आज मामा म्हणतील, बाबा, तू आता गावाला जा. ते तसं कधीच म्हणाले नाहीत. तरी वाटायचं.

तर रेघ. मामांच्या गॅरेजात कुठलाही महत्त्वाचा नट आवळून झाला की त्याच्यावरून आणि मागच्या भागावरून मिळून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट केसाएवढा जरी फिरला तरी रेघ तुटते, दोन तुकडे एकमेकांसमोर राहत नाहीत. गाडी थोडे दिवस चालली की परत बोलवायची आणि रेघ जुळते का बघायचं. बघायचं कुणी? ज्याने ओढली त्याने. दुसऱ्याने खाली वाकून तपासायचं नाही — तो त्या माणसाचा अपमान. मामा नुसते विचारायचे, तुम्ही उत्तर द्यायचं, की झालं. माझ्या रेघेवर मामा बिल करायचे, आणि माणसं आपली पोरंबाळं त्या गाडीत बसवून न्यायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्याच्या एका डॉक्टरांची गाडी आमच्याकडे यायची. काळी, लांब, परदेशी. जुनी झालेली, पण दार लावलं की अजून धप्प असा श्रीमंत आवाज यायचा. तिचे शॉक-अप मेलेले. ब्रेक मारला की नाक जमिनीला लावायची, आणि मागे बसणाऱ्याला मळमळायचं. नवा माल बाहेरून मागवायचा तर कधी येईल सांगता येत नव्हतं. तेव्हा ठरलं की कुर्ल्याच्या भंगार गल्लीत रेसच्या गाड्यांचे वापरलेले शॉक मिळतात, ते बसवायचे. कॉइलओव्हर हा शब्द मी फार नंतर ऐकला. आम्ही त्यांना रेसवाले शॉक म्हणायचो. त्यात स्प्रिंग शॉकच्याच अंगावर बसते. अंगावर बाहेरून आटे पाडलेले असतात, आट्यांवर एक चकती असते, आणि चकतीवर स्प्रिंग. चकती वर फिरवली की गाडी उंच होते, खाली फिरवली की बसते. तिच्याखाली दुसरी चकती, पहिलीला धरून ठेवायला. त्या कोपऱ्याचा सगळा भार त्या आट्यांवर. दुसरं काही नसतं तिथे.

माल निवडायला मामांनी मला एकट्याला पाठवलं. म्हणाले, "तुझी नजर बरी आहे." पहिल्यांदाच म्हणाले. मी कुर्ल्याला हवेत तरंगत गेलेलो.

चकत्या फिरवून बघायच्या असतात. तीन शॉकच्या फिरल्या. चौथ्याची हलेना. वर ग्रीस आणि माती यांचा खडक झालेला. भंगारवाला म्हणाला, "अरे मिट्टी है, घर जाके धो ले ना." मी मानलं. का मानलं? कारण दुसरा जोड शोधायला अख्खी गल्ली पुन्हा फिरावी लागली असती, आणि मला मामांसमोर लवकर जाऊन उभं राहायचं होतं — बघा, आणला.

धुतल्यावर दिसलं. चौथ्याच्या आट्यांचा मधला पट्टा झिजून गुळगुळीत झालेला. चकती तिथे अडकून बसली होती, धरून नव्हती. रॉकेलच्या डब्यावर तो शॉक हातात घेऊन मी किती वेळ बसलो माहीत नाही. मामा दहा पावलांवर चहा पीत होते. एवढंच म्हणायचं होतं, मामा, फसलो.

म्हणालो नाही.

कोपरच्या प्लंबरकडे मी एक गोष्ट चांगली शिकलेलो. आटे झिजलेल्या पाइपला सफेदा, म्हणजे पांढरा घट्ट रंग, फासायचा, वर सुतळीचे धागे गच्च गुंडाळायचे आणि त्यावरून जोड आवळायचा. पाणी थेंबभर गळत नाही. वर्षानुवर्षं. तुम्हाला हसू येईल — किंवा नाही येणार. मी ते गाडीला केलं. दीडेक टनाच्या गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला मी सुतळी गुंडाळली. चकती छान घट्ट बसली. हाताने हलवून बघितली, हलली नाही. मग ब्रश घेतला आणि चकतीवरून शॉकच्या अंगावर पिवळी रेघ ओढली. हात थरथरला नाही. हे मला सगळ्यात जास्त आठवतं, की हात थरथरला नाही.

डॉक्टरांची गाडी बाळादादा चालवायचा. ठाण्याच्या कोळीवाड्यातला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. बापाची होडी होती, पण याला खाडीपेक्षा स्टेअरिंग आवडायचं. गाडी घ्यायला यायचा तर हात धुऊन मगच दाराला लावायचा. मला हिंगोलीकर म्हणायचा. "काय रं हिंगोलीकर, जेवलास कं? का मामीचा डबा मांजरान् खाल्ला?"

थोड्या दिवसांनी रेघ तपासून घ्यायला तोच गाडी घेऊन आला. उतरला तो हसला नाही.

"डावीकडना आवाज येतंय रं. बारीक. वळवली कं कायतरी घासतंय."

मी म्हटलं, नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो.

"नवीन कुठला? कुर्ल्याचा नं?" तो म्हणाला. मामा हसले. मीही हसलो आणि बॅटरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

खाली गार असतं. ऑइलचा वास असतो. वर मामांच्या चपला आणि बाळादादाचे धुतलेले पाय दिसत होते. मी उजेड डाव्या चाकामागे मारला. रेघ तुटलेली होती. अर्धी वर, अर्धी बोटभर खाली. मधल्या पट्ट्यातून सफेद्यात माखलेला सुतळीचा एक धागा बाहेर आलेला — मिशीसारखा. आणि टायरच्या आतल्या बाजूला एक चकचकीत वर्तुळ, नुकतंच उमटायला लागलेलं. खाली सरकलेली चकती टायरला चाटत होती.

मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सगळं कळलं.

वरून मामांनी विचारलं, "रेघ जुळते का रे?"

मी म्हटलं, "जुळते, मामा."

आणि रॉकेलच्या फडक्याने जुनी रेघ पुसली, धागा आत ढकलला, आणि चकती जिथे सरकून थांबली होती तिथेच नवी रेघ ओढली. वर आल्यावर बाळादादाला म्हणालोसुद्धा, "दादा, खड्ड्यातून जरा सावकाश घालत जा." त्याने मान डोलवली. चूक आपलीच असणार असं समजून डोलवली. गाडी गेटमधून वळली तेव्हा मीही ऐकलं. बारीक. कुणीतरी दात खातंय तसं. मामा आत गेलेले. मी हाक मारू शकलो असतो. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी ब्रश हातात धरून उभा होतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले? गॅरेजसमोर कुणी जोरात ब्रेक मारला की पाना हातातून सुटायचा. मामी म्हणाल्या, ताप आहे का रे तुला? आणि काढा करून पाठवला. तो मी प्यायलो.

डॉक्टरांचा खडवलीला नदीजवळ एक जमिनीचा तुकडा होता. तिथे दुपारी जेवून परत येताना पुढचा डावा टायर फुटला. गाडी डावीकडे ओढली गेली आणि ओढ्यावरच्या मोरीच्या दगडी कठड्यावर बसली. मागे झोपलेल्या डॉक्टरांचं खांद्याचं हाड मोडलं. बाळादादाचा गुडघा आत चेपला गेला, तो पुढे कधी नीट वाकला नाही.

गाडी ओढून आमच्याकडेच आणली. मामा तिच्याभोवती एकदा फिरले. फाटलेल्या टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रेघ?"

"जुळत होती, मामा. तुमच्यासमोरच बघितली ना."

ते खाली वाकले नाहीत. वाकायला काय झालं होतं? दोन सेकंद लागले असते. पण त्यांनीच केलेला नियम होता, आणि त्यांनी तो माझ्यासाठी पाळला. शॉक मीच काढला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोणपाटात गुंडाळून शहाडच्या पुलावर नेला आणि उल्हास नदीत सोडला. खाली कपडे धुणारी एक बाई वर बघून ओरडली, "काय रे, निर्माल्य का?" मी हो म्हणालो. तिने हात जोडले.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पोलिसात गेले नाहीत. जेवण जड झालं होतं, मलाही झोप लागलेली, बाळालाही डुलकी लागली असणार — एवढंच म्हणाले, आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला.

बाळादादा प्लास्टर उतरल्यावर कुबडी घेऊन गॅरेजला आला. मामा नव्हते. मी स्टूल पुढे केला, तो बसला नाही. रिकाम्या खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला.

"मना आठवत नाय रं," तो म्हणाला. "टायर फुटला आन् वढली, का मना डुलकी लागली आन् मी कठड्यावं घातली? रोज रातची आठवून बघतंय. नाय आठवत. तू बोल. रेघ जुलत व्हती नं?"

इथे सांगता आलं असतं. गॅरेजात आम्ही दोघंच होतो. त्याला माझ्याविरुद्ध काही करायचं नव्हतं, फक्त स्वतःचं कळायचं होतं.

"जुळत होती, दादा."

त्याने कुबडी काखेत घेतली. "मंग माजाच डोला लागला आसंल."

आणि गेला. परत कधी स्टेअरिंगला बसला नाही. त्याचा भाऊ म्हणाला, टेम्पो चालव. नको म्हणाला. रिक्षातसुद्धा रिक्षावाल्याशेजारी बसायचा नाही. बायकोबरोबर बाजारात मासळी विकायला बसला — ज्याला खाडी नको होती तो. त्याचा मुलगा आता गाडी चालवतो. जेवल्यावर बाळादादा त्याला अर्धा तास बसवून ठेवतो म्हणे, उठू देत नाही. "तुज्या बापाचा डोला लागला व्हता," असं सगळ्यांसमोर सांगतो.

अजून एक आहे. बाळादादा सावध माणूस आहे, असं मी अपघातानंतर डॉक्टरांना एकदा म्हणालेलो. ते त्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून दर वर्षी त्याच्याकडून मला सुके बोंबील येतात. हिंगोलीकर एकटाच माझ्या बाजूने बोलला, म्हणतो. बायको ते भाजते. घरभर वास सुटतो. मी जेवतो.

मामांचे उपकार होते, त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून मी गप्प बसलो — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मामा जाऊन आता खूप काळ झाला. तरी गप्पच आहे. म्हणजे ते कारण नव्हतंच.

बाळादादा आहे अजून. यंदाचे बोंबील आलेत, वर फळीवर ठेवलेत.

रेघ जुळत नव्हती. मी बघितली होती.