वासंतीचं न झालेलं औषध

वासंतीच्या भावाचा, सुरेशचा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत होते. "ताई, वासू गेली…" एवढंच बोलला. आदल्याच आठवड्यात मी तिला हॉस्पिटलात पाहिलं होतं. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. मास्क बाजूला करून म्हणाली, "बाबांना असंच होत असणार गं… मला आत्ता कळतंय."

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. तिचे बाबा गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. कापसाची धूळ आयुष्यभर छातीत साठलेली. सुटी संपवून सोमवारी कामावर गेले की छाती आवळायची. संप सुरू झाला, चूल कधी पेटे, कधी न पेटे. पण धूळ थांबली, बाबांचा खोकला उतरला. तिच्या आईने, काकींनी, देवाला नारळ वाढवला. पण फुप्फुसं आधीच कामातून गेली होती… पुढे ते बसल्या जागी धापा टाकू लागले.

काकी ओवा भाजून, पुरचुंडीत बांधून त्यांना हुंगायला द्यायच्या. घटकाभर बरं वाटायचं. ते का वाटतं, हाच वासंतीने संशोधनाचा विषय घेतला. ओव्याच्या तेलातले घटक वेगळे करून ती प्रयोगशाळेत तपासायची. एकदा धावतच जिना चढून आली. "आवळलेली श्वासनलिका सैल पडली गं! प्राण्याच्या नलिकेचा तुकडाच, पण पडली!"

बाबांनी ऐकलं. "माका दी गो थोडा."

"बाबा, ते अजून माणसांसाठी नाही. मात्रा जास्त झाली तर आतून जाळेल."

"मगे मी कोण आसंय?"

तिने दिलं नाही. गणपतीआधी बाबा गेले.

पुढच्या चाचण्यांत दिसलं, की नलिका सैल करणारी मात्रा आणि पेशी जाळणारी मात्रा यांत फारसं अंतरच नव्हतं. म्हणजे तिचं बरोबर होतं. हे सांगताना ती भिंतीकडे बघत होती. ते अंतर वाढवण्यात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली, लग्नाचं राहूनच गेलं. माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च उचलायला कुणी पुढे आलं नाही. ती निवृत्त झाली, औषध झालं नाही.

परवा काकींना भेटायला गेले. नव्वदीला टेकल्यात, कालचं आज आठवत नाही. दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"वासू लॅबातसून येऊक नाय अजून?"

"नाही, काकी."

"औषद झाल्याबिगर येवची नाय ती," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे बघत राहिल्या.